कुत्रा घेण्याआधी मे महिना आठवा

"डॉक्टर, कोणत्या जातीचा कुत्रा घेऊ?" मुलांच्या परीक्षा संपत आल्या की हा प्रश्न माझ्या दवाखान्यात हमखास येतो. गेल्या आठवड्यात एक गुरुजी आपल्या सहावीतल्या मुलीला घेऊन आले. तिच्या हातात वर्तमानपत्रातून कापलेले हस्की जातीच्या कुत्र्याचे चित्र होते. निळे डोळे, पांढरे-करडे दाट केस. मी गुरुजींना विचारले, "दुपारी बारा ते पाच घरात कोण असते?" ते म्हणाले, "कुणीच नाही. आम्ही दोघेही शाळेवर, घराला कुलूप." "आणि वर छत?" "पत्र्याचे."

मी चित्र मुलीला परत दिले. ती हिरमुसली.

वाचकहो, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. निरोगी कुत्र्याच्या अंगाचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या पुढे गेले की मेंदू आणि मूत्रपिंडांना इजा होऊ लागते. हस्की ही सायबेरियात बर्फावरच्या गाड्या ओढण्यासाठी तयार झालेली जात. तिला मराठवाड्यातल्या बेचाळीस अंशांत पत्र्याखाली ठेवणे म्हणजे माणसाला उन्हाळ्यात घोंगडी पांघरून बसवणे. पगची अडचण वेगळी. त्याचे नाकच इतके आखूड, की धापही नीट लागत नाही. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि आमच्या गावातही त्याची मागणी सुरू झाली. पुढच्या काही उन्हाळ्यांत जीभ निळी पडलेले पग रिक्षातून माझ्याकडे येत. काही वाचले, काही टेबलावरच गेले. (असा कुत्रा आढळला तर सावलीत घेऊन साधे पाणी अंगावर ओतावे, पंखा लावावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. बर्फात बुडवू नये.)

हा उपदेश करण्याचा अधिकार मला चूक करून मिळाला आहे. १९९१ साली नवीन प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा मी हौसेने अल्सेशियन आणला. दिवसभर मी खेड्यांवर गाई-म्हशी तपासत फिरे आणि तो अंगणात साखळीला. लसी वेळेवर, खाणे उत्तम. पण कामाची जात ती, तिला काम नाही, फिरणे नाही, माणूस नाही. दीड वर्षात तो सावलीवरही भुंकू लागला. एके दिवशी चेंडू घ्यायला आलेल्या शेजारच्या मुलाच्या पोटरीचा त्याने लचका तोडला. त्या काळी सरकारी दवाखान्यात पोटात इंजेक्शने देत. ती त्या मुलाला सुरू झाली. दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला म्हणून थांबली. पण रोज सकाळी त्याचे रडणे भिंतीपलीकडून मला ऐकू येई. शेजाऱ्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही, तेच जास्त लागले. कुत्रा मी एका शेतकऱ्याकडे दिला. तिथे मोकळा राहून तो निवळला. म्हणजे दोष त्याच्यात नव्हता.

पोटातली ती इंजेक्शने आता बंद झाली आहेत; लस दंडात देतात. एवढे मात्र पक्के लक्षात ठेवा : कुठलाही कुत्रा चावला किंवा त्याचा दात-नख ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सगळे डोस पुरे करा. रेबीजची लक्षणे दिसू लागली की मग उपाय उरत नाही.

म्हणून घरच्या कुत्र्याच्या लसीत चालढकल नको. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस, तीच तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. तीन महिने भरल्यावर रेबीजची, महिन्याने बूस्टर, पुढे दरवर्षी. जंताचे औषधही नियमित हवे. पिल्लाच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत पडतात, आणि तीच माती मुलांच्या हाताला लागते. हा सगळा खर्च दहा-बारा वर्षांचा धरा. आज सहावीत असलेली मुलगी तोवर सासरी किंवा नोकरीला गेलेली असेल, मग कुत्र्याला सकाळी कोण फिरवणार?

आता जात. लॅब्राडोर स्वभावाने गोड, पण तीस किलोचा खादाड. व्यायाम नसेल तर लठ्ठ होतो आणि सांधे धरतात. आपल्याकडे पामेरियन म्हणून मिळतो तो लहानखुरा कुत्रा फ्लॅटमध्ये राहील, मात्र जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला भुंकेल. आपल्या भागातला कारवान काटक आणि देखणा. पण तो शिकारी, मोकळे रान आणि धावायला जागा मागतो. बंद घरात त्याचे हाल. माझे मत विचाराल तर बहुतेक घरांना गावठी पिल्लूच बरे. आखूड केस, ऊन सोसणारी चण, आणि विकत घ्यावे लागत नाही. लोक नाक मुरडतात, मुरडोत. विकत घेणारच असाल तर आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नका, ते विकण्याला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. शक्य तर पिल्लाची आई पाहा. आई अंगावर धावून येणारी असेल तर परत फिरा.

गुरुजींना मी हेच सांगितले. ते म्हणाले, "जूनपासून आई गावाहून कायमची राहायला येणार आहे. मग घर बंद राहणार नाही." मी मुलीला म्हटले, "तोवर रोज सकाळी सहाला उठून शेजारच्या काकांचा कुत्रा फिरवून आण, त्याने केलेली घाणही तूच उचल. महिन्यानंतर गावठी पिल्लाचे बोलू."

काल गुरुजींचा फोन होता. मुलगी आठवडाभर सहाला उठते आहे. आजींना मात्र अजून कुणी विचारलेले नाही.