एका केबलने उठणारं वादळ

ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये लॅन केबलचं एक टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतं, दुसरं खाली लोळत असतं. कुणी नीटनेटका माणूस ते उचलून शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसवतो. बघता बघता मेल, प्रिंटर, सर्व्हर सगळं ठप्प! आयटीवाल्यांचे फोन वाजू लागतात. वायर तुटलेली नाही, यंत्र बिघडलेलं नाही, वीजही आहे.

मग झालं काय? नेटवर्कवरचे संगणक अधूनमधून दवंडी पिटतात: अमुक पत्ता कुणाचा? ज्या पोर्टमधून दवंडी आली ते सोडून बाकी सगळ्यांतून ती पुढे पाठवायची, हे सगळ्या केबल एकत्र जोडणाऱ्या स्विच नावाच्या यंत्राचं काम. केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचला लागली की या टोकातून गेलेली दवंडी त्या टोकातून परत येते. स्विचला ती नवीच वाटते. तो ती पुन्हा सगळ्यांना पाठवतो. इंटरनेटच्या पॅकेटवर एक आकडा असतो, तो टप्प्याटप्प्याला कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. पण ही दवंडी ज्या इथरनेट फ्रेममधून जाते, तिला अशी मुदतच नाही. ती फिरतच राहते आणि मागून येणाऱ्या प्रत्येक दवंडीची तिच्यात भर पडते. एक गिगाबिटच्या लाइनवरून सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला सुमारे 14 लाख 88 हजार जाऊ शकतात. ती सारी जागा जुनेच प्रश्न व्यापून टाकतात आणि कामाच्या माहितीला वाट उरत नाही. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

उपाय त्याहून विलक्षण आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये स्पॅनिंग ट्रीची रीत मांडली. स्विच एकमेकांना आपला क्रमांक कळवतात. सर्वांत लहान क्रमांकाचा तो मूळ. बाकीचे सगळे त्याच्याकडे जाणारी सर्वांत सोयीची एक वाट धरतात आणि वर्तुळ पुरं करणारं पोर्ट मिटून घेतात. संपूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो, तरी सगळ्यांचं मिळून बिनवर्तुळाचं झाड उभं राहतं! चालू वाट तुटली, तर मिटलेलं पोर्ट आपणहून उघडतं. पर्लमन यांनी आपल्या शोधनिबंधाचा सारांश चक्क कवितेत लिहिला, आणि तो मान या कल्पनेला शोभतो.

तरीही वादळं उठतात. कुठे ही सोय बंद ठेवलेली असते. कुठे कुणी घरून आणलेला स्वस्त स्विच टेबलाखाली जोडतो आणि त्याला ही भाषाच येत नाही. केबल जोडणाऱ्यावर चिडणं मला पटत नाही. दोन्ही सॉकेट हुबेहूब सारखी दिसतात, आणि अशा हातांपासून नेटवर्क सांभाळणं ही ते उभारणाऱ्यांची जबाबदारी आहे.

एक विनंती मात्र आहे. नेट जाण्याच्या जरा आधी तुम्ही कुठली वायर हलवली असेल, तर आयटीवाल्यांना लगेच सांगा. नाहीतर त्यांना एकेक पोर्ट काढून बघत बसावं लागतं.