नाहूर शोधायचं कुठे?

आज आम्ही दोघं बोलणार आहोत. एक ग्रंथपाल, एक इतिहासाची प्राध्यापक, कॉलेज एकच. विषय आहे माहिती साक्षरता. शब्द जरा जड आहे, पण अर्थ साधा. हवी ती माहिती कुठे असेल ते ओळखायचं, शोधायची, पारखायची, आणि कुठून घेतली ते सांगून वापरायची.

आमची बरीच मुलं नाहूर स्टेशनवर उतरून येतात. म्हणून एका वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला प्रकल्प दिला, 'नाहूरचा इतिहास, दोन पानं.' वह्या आल्या. निम्म्याहून जास्त वह्यांत एकच परिच्छेद, घरं विकणाऱ्या एका संकेतस्थळावरून उचललेला. एका मुलाने तर लिहिलं होतं की १८५३ साली पहिली आगगाडी नाहूर स्थानकावर थांबली. आता बघा, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी इथूनच गेली हे खरं. पण नाहूर स्टेशन झालं २००६ मध्ये. त्याच्या आजोबांना विचारलं असतं तरी कळलं असतं!

आधी आम्ही मुलांवर चिडलो. मग लक्षात आलं की चूक आमचीच होती. नकललेलं उत्तर चालून जाईल असाच प्रश्न आम्ही विचारला होता. आणि शोधायचं कसं, हे त्यांना शिकवलं कोणी होतं? जूनमध्ये ग्रंथालयाची ओळख करून देतात ती अशी: पिशवी बाहेर ठेवा, बोलू नका, हा संदर्भ विभाग, दोन पुस्तकं सात दिवस. तेव्हा मुलाला काही शोधायचंच नसतं, मग लक्षात कसं राहणार?

पुढच्या वर्षी प्रश्न बदलला. 'शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं नाहूर शोधायचं असेल, तर कोणत्या जिल्ह्याच्या कागदांत बघाल?' सगळे म्हणाले, मुंबई उपनगर. तिथेच गंमत आहे. मुंबई उपनगर हा आजचा जिल्हा वेगळा झाला १९९० मध्ये. १८८२ च्या गॅझेटिअरसाठी ठाणे जिल्ह्याचे खंड काढावे लागतात, कारण साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. इंग्रजी कागदांत साष्टीचं सालसेट होतं आणि ठाण्याचं थाना. म्हणजे आजचं नाव आजच्या स्पेलिंगने टाइप केलं तर हाती काहीच लागत नाही, आणि मूल म्हणतं, 'सर, माहितीच नाहीये.' माहिती असते, दुसऱ्या नावाखाली.

त्याला जोडून दुसरा प्रश्न. मुंबईची हद्द १९५० मध्ये भांडुपपर्यंत आली आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत. नाहूर बरोबर या दोघांच्या मध्ये. मग ते मुंबईत कधी आलं? याचं आयतं उत्तर इंटरनेटवरून उचलता येत नाही, त्यासाठी राजपत्रातली अधिसूचना काढून गावांची यादी वाचावी लागते. उत्तर आज आम्हीही सांगणार नाही, यंदाच्या वर्गाला तोच प्रश्न दिलाय.

हे करायचं तर दोघांना आपापली सवय सोडावी लागली. प्राध्यापकांची तक्रार नेहमीची, अभ्यासक्रम पुरा होत नाही. तरी प्रकल्प दिला त्याच आठवड्यात एक तास ग्रंथपालांना दिला, वर्गात, आणि प्राध्यापकही मागच्या बाकावर बसून राहिल्या. ग्रंथपालांची अडचण वेगळी. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. आम्ही ते इतकं मनावर घेतो की मुलाने विषय सांगितला की पुस्तक काढून हातात देतो. वेळ वाचतो खरा, पण शोधणं आमचंच होतं. आता पुस्तक देत नाही, आधी विचारतो, 'कोणता शब्द टाकून पाहिलास?'

आणि गुण. गुण नसतील तर मुलं करत नाहीत, हे उघड बोलावं. वीस गुणांतले आठ आम्ही 'शोधनोंदी'ला ठेवले. कोणते शब्द शोधले, कुठे शोधले, काय सापडलं, काय टाकून दिलं आणि का. एन-लिस्टचा पासवर्ड कॉलेजकडे होता, पण तो मागायला मुलं पहिल्यांदा आली ती या आठ गुणांसाठी. शोधगंगेवरचे प्रबंधही तेव्हाच उघडले गेले.

पारखणं शिकवायला आम्ही मिठागरं घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनाशी जोडून घरांसाठी घ्यायला मंजुरी दिली. व्हॉट्सॲपवर नुसता पूर आला. मुलांच्या घरी यावर भांडणं चालू होती, त्यामुळे वर्गात कोणी पेंगलं नाही. तीन कागद समोर ठेवले: बिल्डरची जाहिरात, वर्तमानपत्रातली बातमी, शासन निर्णय. कोण बोलतंय, आणि आपण यावर विश्वास ठेवला तर फायदा कोणाचा? शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक असतो, तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ कागद काढता येतो, हे बहुतेकांना माहीतच नव्हतं. एक मुलगी नंतर हळूच म्हणाली की शिष्यवृत्तीची तारीख वाढल्याचा 'जीआर' फोनवर आला होता. त्यावर विसंबून तिने अर्ज भरला नाही. तो कागद खोटा होता, त्यावर संकेतांकच नव्हता. तिचं ते वर्ष फुकट गेलं.

चॅटबॉटबद्दल विचारणार हे माहीत आहे. बंदी घातलेली नाही. पण एकाने तिथून साष्टीवरच्या तीन पुस्तकांची नावं आणली, लेखक आणि वर्षासकट. ग्रंथपालांनी अर्धा तास सूच्या धुंडाळल्या. तिन्ही पुस्तकं कुठेच नोंदलेली नव्हती. आता नियम असा, की ज्याचं पान स्वतः पाहिलं नाही त्याचा संदर्भ द्यायचा नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. साठ शोधनोंदी तपासायला दोन रविवार जातात, आणि काही मुलं शोधनोंदही नकलतात. पण गेल्या वेळी एकीने लिहिलं होतं, 'तीन तास नाहूर शोधलं, मिळालं नाही. मग सालसेट शोधलं आणि ठाण्याचं गॅझेटिअर सापडलं.' तिला आठपैकी सात दिले. एक कापला, पान क्रमांक लिहायचा राहिला होता.