नारळ फुटल्यानंतर

गेल्या दहा वर्षांत पनवेल तालुक्यातल्या गव्हाणच्या अवतीभवती जेवढं बांधकाम झालं, तेवढं क्वचितच एखाद्या गावाच्या वाट्याला आलं असेल. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतूचं आणि खारकोपर-उरण रेल्वेचं उद्घाटन झालं. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं झालं. या कामांच्या दिमतीला सल्लागार होते, आराखडे होते, गुणवत्ता तपासणारी पथकं होती. गावातली गटारं, मोऱ्या, पाखाड्या यांच्या दिमतीला कोण असतं? २०१६ मध्ये पनवेलची महापालिका झाली, पण गव्हाणात ग्रामपंचायतच राहिली. तेव्हा हा भार सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे कालपरवापर्यंतचे ग्रामसेवक) आणि जिल्हा परिषदेचा कनिष्ठ अभियंता या तिघांवर. त्यांना हे काम शिकवतं कोण आणि काय शिकवतं?

सोय नाही असं नाही. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी दिली. रस्ते, पूल, मोऱ्या, पिण्याचं पाणी हे सगळं त्यात आहे. पुण्याची यशदा लोकप्रतिनिधी आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते. अभियंत्यांसाठी नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. २०१८ पासून राष्ट्रीय ग्रामस्वराज अभियानाचा पैसाही आहे. पण सभागृहातल्या वर्गात नियम समजतात, योजनांची नावं पाठ होतात. ओतलेलं काँक्रीट बरं की वाईट, हे कामावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

गावातला साधा काँक्रीट रस्ता घ्या. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पुरतं. माल सरसर पसरावा म्हणून मजूर वर दोन बादल्या ओततो, ठेकेदार काणाडोळा करतो आणि रस्त्याचं आयुष्य तिथेच घटतं. पावसाळ्यात रेती आधीच ओली असते, तेव्हा पाणी आणखी कमी लागतं. खाडीकाठी आणखी एक सावधगिरी हवी. जवळ आहे म्हणून मचूळ विहिरीचं पाणी वापरलं, तर स्लॅबमधल्या सळ्यांना गंज चढतो. उपाय महागडा नाही. कामाच्या दिवशी सर्वांसमोर १५ सेंटिमीटरचे तीन क्यूब भरायचे, त्यावर तारीख कोरायची आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून पाहायचे. एम-२० प्रतीचं काँक्रीट असेल, तर दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब त्याने सोसला पाहिजे. हा आकडा ज्या सरपंचबाईंना ठाऊक आहे, त्यांच्यासमोर देयकाची फाईल सरकवताना ठेकेदार जरा विचार करतो. गटाराची परीक्षा तर त्याहून सोपी. वरच्या टोकाला पाण्याच्या चार बादल्या ओता आणि खालच्या टोकाला जाऊन थांबा. पाणी मध्येच तुंबलं, तर उतार चुकला. मोजमाप पुस्तिकेवर सही करण्याआधी एवढं पाहायला कोणत्याही पदवीची गरज नाही.

या भागात खालच्या टोकाला खाडी असते, हे मात्र शिकवायला हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गटाराचं तोंड पाण्याखाली गेलं आणि वरून पाऊस असला, की पाणी उलटं गावात शिरतं. त्यात भोवतालची जमीन भरावाने उंच झालेली. विमानतळाच्या भरावानंतर डुंगी, पारगावच्या रहिवाशांनी हे अनुभवलं. कोकणच्या खारजमिनींना याचं उत्तर जुनं आहे: ओहोटीला उघडणारी, भरतीला मिटणारी बांधातली झडप, म्हणजे उघाडी. जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात बाहेरकाठा (खाडीकडचा बांध) सांभाळायची जबाबदारी खारजमिनींच्या धन्यांवर, म्हणजे शिलोत्रींवर असे आणि त्यासाठी कुळांकडून धान्याच्या रूपाने वेगळी वसुली होई. या व्यवस्थेत कुळांची पिळवणूकही होती, तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण बांधाच्या राखणीला वेगळा पैसा आणि नेमका जबाबदार माणूस लागतो, हे तिने ओळखलं होतं.

आपल्याकडे नव्या कामाला मंजुरी मिळते, नारळ फुटतो, फोटो छापून येतो. जुन्या मोरीचा गाळ काढला म्हणून कुणाचा सत्कार होत नाही. अमेरिकेत सार्वजनिक बांधकाम खात्यांच्या मंडळींची १९३७ पासूनची एक देशव्यापी संघटना आहे. तिच्या पुढाकाराने १९६० पासून दर मे महिन्यात या कामगारांच्या नावाने एक आठवडा साजरा होतो. देखभालीला मान असला, की ती शिकायला माणसं पुढे येतात.

तपासणी कागदावर उरकली की काय होतं, हे रायगडने भोगलं आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसह. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. बांधण्यात आपण कमी नाही. राखण्यात कमी पडतो.

त्याला कारणही आहे. सरपंचपदाचं आरक्षण फिरतं, त्यामुळे पाच वर्षं कमावलेलं शहाणपण माणसाबरोबर घरी जातं. अभियंत्याचीही बदली होते. हिवरे बाजारात १९८९-९० पासून पोपटराव पवारांचं नेतृत्व टिकलं, तसं सगळीकडे टिकणार नाही. पण तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची जी रीत पडली, ती कुठेही उचलता येते. गव्हाणसारख्या गावाने तसाच मोऱ्या-गटारांचा ताळेबंद ठेवावा: कुठली मोरी कधी बांधली, किती व्यासाची, गाळ शेवटचा कधी काढला, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो. ही वही मावळत्या सरपंचाने नव्याला गावातून फिरवत, जागा दाखवत सोपवावी. यापेक्षा चांगलं प्रशिक्षण दुसरं नाही. पैसा नाही ही सबबही पुरती खरी नाही; १५ व्या वित्त आयोगाने ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता, सांडपाण्याची कामं त्यात बसत होती.

१ मेची ग्रामसभा तशीही होतेच, पावसाच्या तोंडावर. नव्या कामांची यादी वाचण्याआधी तिथे ही वही वाचली जावी. गाळ काढलेला नसेल, तर तो काढायला अजून महिना हातात असतो.