ग्युदोन: भात शिजेपर्यंत तयार!

जपानमध्ये घाईच्या वेळचं हक्काचं जेवण म्हणजे ग्युदोन. वाडगाभर गरम भात, वर गोडसर-खारट रसात शिजलेलं बीफ आणि कांदा. १८९९ मध्ये तोक्योच्या निहोनबाशी मासळीबाजारात सुरू झालेल्या योशिनोया या उपाहारगृहाने ते घराघरांत पोचवलं. ‘मॅड काऊ’ रोगाच्या भीतीने २००३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी बीफची आयात थांबली, तेव्हा २००४ मध्ये याच योशिनोयाला ग्युदोनची विक्री बंद ठेवावी लागली होती!

घरी दोघांसाठी: पाऊण वाटी दाशी (कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या माशाचे काप, यांचं पाणी), तीन मोठे चमचे सोया सॉस, दोन-दोन चमचे मिरिन (स्वयंपाकाची गोडसर तांदळाची दारू) आणि साके, एक चमचा साखर. यात उभा चिरलेला कांदा मऊ होऊ द्या. मग २५० ग्रॅम बीफ.

खरी मेख मांसाच्या कापात आहे. कागदासारखे पातळ आणि थोडी चरबी असलेले काप हवेत. जाड तुकडे थोड्या वेळात चिवटच राहतात. तुकडा अर्धवट गोठवला की सुरी सरळ चालते. रसात मांसाचा रंग बदलल्यावर दोन-तीन मिनिटं पुरेत.

भात जपानी, आखूड दाण्याचा, चिकटसर. बासमती इथे नकोच. वर लाल बेनी शोगा, म्हणजे मुरवलेलं आलं, ते मात्र टाळू नका. दुकानात जास्त रस हवा असेल तर ‘त्सुयुदाकु’ म्हणतात. माझं मत विचाराल तर नेहमी त्सुयुदाकुच!