वांकडें पाऊल आणि डॉ. पोन्सेटी

माझ्या धाकट्या नातवाचा जन्म झाला, त्या दिवशीं मुलुंडच्या आमच्या घरांत आनंदापेक्षां कुजबूजच अधिक झाली. मुलाचें उजवें पाऊल आंत वळलेलें होतें. टांच वर ओढलेली, तळवा आंतल्या बाजूस. कोणी ग्रहणाचा हिशेब काढला, तर कोणी सूनबाईच्या माहेरीं असें कोणास होतें काय, याची चौकशी आरंभिली. अष्टावक्राची कथा मीं शाळेंत अनेक वर्षें शिकविली होती. परंतु घरांतील तोंडें बंद करण्यास ती उपयोगी पडली नाहीं. सुमारें हजार बालकांत एकास हा दोष असतो व त्यांत मातेचा कांहींहि अपराध नसतो, असें डॉक्टरांनीं सांगितलें, तेव्हां ती बिचारी प्रथमच मोकळेपणीं रडली.

डॉक्टर दर आठवड्यास तें पाऊल हातांत घेऊन हळूच बाहेर वळवीत आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालीत. पुढील आठवड्यास तें काढून पाऊल पुन्हां थोडें वळवीत. अशीं सहा प्लास्टरें झालीं. मग टांचेमागील ताठ स्नायुबंध एका बारीक छेदानें मोकळा करून शेवटचें प्लास्टर तीन आठवडे ठेविलें. तें निघालें तेव्हां पाऊल सरळ! ही युक्ति कोणाची, असें मीं विचारलें. शिक्षकाची खोड, दुसरें काय!

ती डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची. १९१४ सालीं स्पेनच्या मिनॉर्का बेटावर ते जन्मले. वडील घड्याळजी, नाजूक वस्तूवर जोर करावयाचा नसतो, हें मुलानें त्या दुकानांतच पाहिलें असावें. बार्सिलोनास वैद्यक शिकून होतात न होतात तोंच १९३६ चें यादवी युद्ध पेटलें. पराभूत पक्षाच्या जखमींची शुश्रूषा करीत ते १९३९ सालीं फ्रान्समध्यें, तेथून मेक्सिकोंत आणि १९४१ सालीं अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत पोंचले. तेथें पूर्वीं शस्त्रक्रिया झालेलीं वांकडीं पावलें त्यांनीं पुन्हां तपासलीं. दिसण्यांत तीं बरीं होतीं, पण ताठ, दुबळीं आणि दुखरीं. बालकाच्या पावलांतील हाडें अद्याप बरीचशीं कूर्चेचींच असतात व बंध लवचीक असतात. मग कापाकापी कशास? १९४८ च्या सुमारास त्यांनीं आपली पद्धति सुरू केली व १९६३ त तिचे परिणाम प्रसिद्ध केले. त्यानंतर सुमारें तीस वर्षें बहुतेकांनीं तिकडे लक्षच दिलें नाहीं. शस्त्रक्रियेंत वैद्याचें कौशल्य दिसतें, प्लास्टरांत दिसत नाहीं, हेंच याचें कारण असावें, असें मला वाटतें.

त्यांच्या संशोधनांतील मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांचा धीर. १९९५ त प्रसिद्ध झालेल्या तीस वर्षांनंतरच्या तपासणींत ४५ जुने रोगी पाहिले गेले; त्यांतील शेंकडा ७८ जणांचीं पावलें उत्तम वा चांगलीं ठरलीं. जन्मतः निर्दोष पावलें असलेल्यांतहि हें प्रमाण शेंकडा ८५ च भरलें! पाठीच्या कण्याविषयींहि तीच चिकाटी. ज्यांचा कणा वाढत्या वयांत एका बाजूस झुकतो, अशा आयोवा येथील रोग्यांचा अभ्यास त्यांनीं १९५० त प्रसिद्ध केला. १९३२ ते १९४८ या काळांत पाहिलेल्या व उपचार न झालेल्या ११७ जणांचा पन्नास वर्षांनंतरचा वृत्तांत २००३ त निघाला, तेव्हां लेखकांमध्यें अठ्ठ्याऐंशी वर्षांचे पोन्सेटी होतेच. पाठदुखी इतरांहून अधिक, छातीच्या भागांत मोठा बांक असल्यास दम लागण्याचा संभव. परंतु बहुतेकांनीं संसार व कामधंदा नीट केला, असें आढळलें. मुलीच्या पाठीचा किंचित् बांक पाहून ज्या घरांत झोंप उडते, तेथें हें अवश्य सांगावें. पोन्सेटी २००९ त वारले.

त्यांच्या पद्धतींतील कठीण भाग घरच्यांकडेच असतो. प्लास्टरानंतर मधें दांडी असलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर व पुढें चार वर्षांचें वय होईपर्यंत झोंपतांना घालावे लागतात. मूल रात्रीं रडे. एके रात्रीं मींच म्हणालों, "सूनबाई, आज राहूं द्या." ती गप्प राहिली. मग 'आज' रोजचा झाला. तीन महिन्यांत टांच पुन्हां वर ओढूं लागली.

डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं पुढची वाट मात्र समजावून सांगितली. मोठ्या मुलाचें ताठ झालेलें पाऊल सरळ करण्याकरितां आपल्या मुंबईच्याच डॉ. बी. बी. जोशी यांनीं १९९० च्या सुमारास एक साधन प्रचारांत आणिलें. हाडांतून बारीक तारा घालून बाहेरील दांड्यांस जोडावयाच्या आणि स्क्रू फिरवीत आंतली बाजू बाहेरच्या बाजूच्या दुप्पट वेगानें ताणावयाची. दर वेळीं पाव मिलिमीटर. तेथेंहि सावकाशीच, पण तारा हाडांतून! तें ऐकून माझे हातपाय गार पडले.

सुदैवानें आणखी तीन प्लास्टरांवर भागलें. त्यानंतर पोराच्या रडण्याकडे आम्हीं कोणीं लक्ष दिलें नाहीं. बूट मीच चढवीत असें. आतां तो सात वर्षांचा आहे आणि जिना दोन दोन पायऱ्यांनीं उतरतो. ते दांडीचे बूट अजून माळ्यावर आहेत. मीं ते काढून टाकावे म्हटलें, पण सूनबाई हात लावूं देत नाहीं.