मासा नसलेला तारामासा

खेकडा, गोगलगाय आणि तारामासा. या तिघांतला आपला सर्वांत जवळचा नातेवाईक कोण, सांगा पाहू?

वर्गात विचारलं की बहुतेक हात खेकड्यासाठी वर होतात. साहजिकच आहे. खेकड्याला डोळे आहेत, पाय आहेत, डावी-उजवी बाजू आहे. तारामासा म्हणजे पाच हातांची चांदणी! त्याला मेंदू नाही, आणि तोंड पोटाखाली मधोमध. तरीही बरोबर उत्तर तारामासाच!

आधी नावाचा घोटाळा मिटवू. कोळ्याच्या जाळ्यात मासळीबरोबर सापडला, तरी हा मासा नव्हे. माशाला पाठीचा कणा असतो, याला नाही. याच्या कातडीत चुन्याचे कडक तुकडे आणि वर काटे असतात, म्हणून याचा संघ 'कंटकचर्मी'. (कंटक म्हणजे काटा, चर्म म्हणजे कातडी. फोड केली की पाठांतराची कटकट नाही!)

याच्या हातांखाली नळ्यांसारखे शेकडो मऊ पाय असतात. अंगातलं पाणी त्यांत दाबलं की ते लांब होतात. या पायांनी तो शिंपला ओढून ओढून जरासा उघडतो आणि चक्क स्वतःचं जठर तोंडातून बाहेर काढून फटीत सरकवतो. जेवण बाहेरच पचतं, मग जठर परत आत!

आता नात्याचं बघू. गर्भ वाढताना त्याला आधी एक छिद्र पडतं. खेकडा-गोगलगायींच्या शाखेत बहुधा त्याचं तोंड होतं. तारामासा आणि आपण ज्या शाखेत आहोत, तिथे त्या जागी गुदद्वार होतं आणि तोंड नंतर दुसरीकडे उघडतं. हसू नका बरं का, प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा शास्त्रज्ञांनी आधी याच फरकावरून ओळखल्या. पुढे जनुकांच्या तपासणीतही तारामासा आपल्याच शाखेत निघाला. शिवाय त्याची पाण्यात तरंगणारी इवलीशी अळी आपल्यासारखीच डाव्या-उजव्या बाजूंची असते. पाच हातांची चांदणी नंतर घडते.

मग याचं डोकं गेलं कुठे? २०२३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तारामाशाच्या अंगात कोणती जनुकं कुठे काम करतात ते तपासलं. इतर प्राण्यांत डोक्याच्या भागात काम करणारी जनुकं पाचही हातांत मधोमध सापडली. धडाच्या भागातली मात्र बाहेरच्या कातडीत जवळजवळ नव्हतीच. म्हणजे ज्याला आपण बिनडोक्याचा म्हणत होतो, तो बहुतेक सगळा डोकंच निघाला!