घरचं पाणी, भाग ६ : आधी दोरी, मग पंप

गेल्या आठवड्यात विहिरीचा गाळ काढून झाला, कठड्याची डागडुजी झाली. आता पंप आणि टाकी. दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा देऊ?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. घरी या आणि विहिरीत दोरी सोडा.

सुतळीच्या टोकाला वजन बांधा, तळाला टेकेपर्यंत सोडा, कठड्याशी गाठ मारा आणि वर ओढा. कोरडी सुतळी म्हणजे पाण्यापर्यंतचं अंतर, ओली सुतळी म्हणजे पाण्याची खोली. हे माप मे महिन्यातच घ्यायचं. मुंबईच्या उपनगरांत, सांताक्रूझला, वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आंबोली किंवा एकसरच्या गावठाणातली जी विहीर ऑगस्टमध्ये वाकून तांब्या बुडवण्याइतकी भरते, तिचंच पाणी उन्हाळ्यात पंधरा-वीस फूट खाली गेलेलं असतं. उपनगरांच्या पोटात काळा पाषाण आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर तो उघड्यावर उभा दिसतो. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मुरलेलं पाणी हीच उथळ विहिरीची सगळी पुंजी.

कोरड्या सुतळीला एवढं महत्त्व का? कारण पंप पाणी ओढतच नाही. तो पाइपातली हवा काढून टाकतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी पाइपात वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याला फार तर 10.3 मीटर उचलू शकतो. सतराव्या शतकात इटलीतले पंपवाले याच भिंतीवर डोकं आपटत होते. त्यांचे पंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढवेनात. गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात या अडचणीची नोंद केली, पण कारण हवेच्या दाबात आहे हे त्याचा शिष्य तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीने पुढे दाखवलं. आपल्याकडे पाइपातलं घर्षण, कोपरे आणि पाइपाच्या खालच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह यांचा वाटा वजा जाता हातात सात मीटर उरतात, म्हणजे तेवीस-चोवीस फूट. अर्धा एचपी लावा नाहीतर दोन एचपी, हा आकडा हलत नाही. एचपी वाढवला तर पंपाच्या पुढे पाणी अधिक उंच किंवा अधिक वेगाने जाईल, पंपापर्यंत येणारं नाही.

तेव्हा मे महिन्यातली कोरडी सुतळी वीस फुटांच्या आत असेल तर साधा सेल्फ प्रायमिंग मोनोब्लॉक पुरतो. त्याहून जास्त असेल तर हट्ट सोडा आणि पाण्यात बुडवून ठेवायचा ओपनवेल सबमर्सिबल घ्या. जुन्या बंगल्यांच्या काही विहिरींत आत थोडं खाली एक फरशी असते आणि पंप तिच्यावर बसवलेला असतो. ज्याने कोणी तो तिथे बसवला, त्याला हे सगळं नीट कळलेलं होतं.

वर चढवायचा हिशेब त्या मानाने सोपा. बैठं अधिक एक मजला असं घर, टाकी जमिनीपासून तीस फुटांवर, पाणी वीस फूट खाली, पाइपातल्या घर्षणाचे दहा फूट. सगळे मिळून साठ फुटांचा हेड. पंपाच्या पाटीवर हेड आणि त्या हेडला मिळणारं पाणी दोन्ही लिहिलेलं असतं. अर्ध्या एचपीचा चांगला पंप एवढ्या उंचीवर तासाला हजारेक लिटर देऊन जातो. त्याहून मोठा पंप घेतलात तर उन्हाळ्यात विहिरीची आवक कमी पडेल आणि पंप कोरडा फिरून सील जाळेल. वर्सोवा-गोराईसारख्या खाडीकाठच्या भागात तर जास्त उपसा म्हणजे खारं पाणी आत ओढून घेणं.

जिथे काम बिघडतं ती जागा सक्शनची, म्हणजे विहिरीतून पंपापर्यंतच्या पाइपाची. चोरीच्या भीतीने पंप जिन्याखाली, विहिरीपासून चाळीस फुटांवर बसवतात आणि मग "पंप एअर घेतो" म्हणून प्लंबरला रोज बोलावतात. पंप विहिरीलगत ठेवा, वर लोखंडी पिंजरा करा; लांबायचं ते डिलिव्हरीच्या पाइपाने लांबावं. सक्शनचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक कधीच नको आणि तो पंपाकडे सतत चढता हवा, मध्ये कुठे कमान आली की हवा तिथे अडकून बसते. फूटव्हॉल्व्ह तळापासून फूट-दीड फूट वर ठेवा, नाहीतर गाळ येतो. आणि मेमधल्या पाण्यातही तो फूटभर तरी बुडालेला असला पाहिजे.

पहिल्यांदा सुरू करताना पंपावरचा प्लग काढून मगाने पाणी ओतत राहा. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, पुन्हा ओतायचं. पाणी काठाशी स्थिर राहिलं की प्लग बसवा आणि मगच बटण दाबा. कितीही ओतलं तरी पातळी उतरतच राहिली तर फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा आहे किंवा एखादा सांधा हवा घेतोय.

टाकीच्या बाबतीत लोकांना हाव सुटते. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, हे कौलारू घराच्या जुन्या भिंतीला विचारून घ्या. तिथे लोखंडी अँगलचं वेगळं स्टँडच बरं. विहिरीचं पाणी संडास, फरशी, झाडं, गाडी यांच्यासाठी, पिण्यासाठी नाही. आजूबाजूची गटारं आणि सेप्टिक टँक बघितल्यावर त्याचं कारण विचारायची गरज उरत नाही. भारतीय मानकात माणशी रोजचं 135 लिटर पाणी धरलंय, त्यातलं 45 लिटर फ्लशचं. पाच माणसांचे सव्वादोनशे होतात. पाचशे लिटरची टाकी भरपूर झाली.

या टाकीचा पाइप महापालिकेच्या पाण्याच्या टाकीला किंवा पाइपाला कुठेही जोडू नका. मध्ये व्हॉल्व्ह ठेवून काम भागेल असं प्लंबर म्हणेल. व्हॉल्व्ह कधीतरी गळतो, आणि ज्या दिवशी नळाला दाब नसतो त्या दिवशी विहिरीचं पाणी सरळ पिण्याच्या पाण्यात जातं. दोन टाक्या, दोन पाइप, दोन रंग.

विहिरीच्या आणि टाकीच्या झाकणाचा प्रश्न मात्र फक्त तुमचा नाही. शहरी मलेरिया पसरवणारा अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास विहिरीत आणि गच्चीवरच्या टाकीत, म्हणजे स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. डॉ. बेंटली यांच्या मलेरियावरच्या 1911 च्या अहवालानंतर बेटावरच्या मुंबईत विहिरी झाकण्याचा, बुजवण्याचा सपाटा चालला. पारशी समाजाने धर्मविधींसाठी विहीर लागते म्हणून विरोधही केला. उपनगरं तेव्हा पालिकेच्या हद्दीबाहेर होती. अंधेरी-घाटकोपर 1950 मध्ये आत आलं, बोरिवली-मुलुंड 1957 मध्ये. इथल्या विहिरी जास्त टिकल्या त्यात या उशिराचाही हात असावा. आता पालिकेच्या कीटकनाशक खात्याचा माणूस आला की तो तीनच गोष्टी बघतो : झाकण घट्ट बसतं का, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का, आणि टाकीपर्यंत पोचायला शिडी आहे का. शिडी नसल्याबद्दल नोटीस आली की लोक चिडतात, पण टाकी तपासायची कशी हा त्याचा प्रश्न रास्त आहे. विहिरीवर बारीक जाळीचं झाकण आणि आत गप्पी मासे, एवढं केलंत की निम्मं काम झालं.

आता परवानगीचं. एप्रिल 2025 मध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा जमिनीतलं पाणी उपसायला लागणाऱ्या केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवान्याची चर्चा घरोघरी पोचली. सप्टेंबर 2020 च्या नियमांत स्वतःच्या घरापुरतं पाणी काढणाऱ्यांना त्या परवान्यातून सूट आहे. सोसायटी, टँकर आणि धंद्याचं गणित वेगळं. नवी विहीर खणायची असेल तर मात्र आधी वॉर्ड ऑफिस गाठा.

वीज शेवटी, पण तिथे काटकसर नको. पंपाला स्वतंत्र एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग. पंपाचा ओटा गल्लीत पाणी तुंबतं त्या रेषेच्या वर बांधा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाचं पाणी कुठवर आलं होतं हे शेजारच्या जुन्या माणसांना अजून सांगता येतं. टाकीत फ्लोट स्विच टाका आणि विहिरीतही एक टाका, म्हणजे पाणी उतरलं की पंप आपोआप थांबेल.

सगळं झाल्यावर प्लंबरचे पूर्ण पैसे लगेच देऊ नका. रात्री पंप बंद करा, सकाळी प्लगला हात न लावता सुरू करा. अर्ध्या मिनिटात टाकीत पाणी पडलं तर सक्शन घट्ट आहे. नुसतीच घरघर ऐकू आली तर त्याला परत बोलवा.

(पुढच्या भागात : विहिरीचं पाणी तपासून घेणं आणि क्लोरीनचा हिशेब)